शिकवतं चांगलं, पण यांचा दिवस पहाटे साडेपाचला बदलतो

इंग्रजी शब्दांच्या पेड अ‍ॅपवरचा माझा स्ट्रीक, म्हणजे सलग अभ्यास केलेल्या दिवसांचा आकडा, काल पुन्हा शून्यावर आला, म्हणून हे लिहायला बसलोय. फीचर्स सगळ्यांना माहीत आहेत, ती उगाळत नाही.

माझी फर्स्ट शिफ्ट रबाळे एमआयडीसीत. ठाण्याला पनवेल लोकलमध्ये बसलो की ऐरोली येईपर्यंत त्या दिवसाची शब्दांची कार्डं उरकतो. सोमवारी पाच चाळीसला केली. मंगळवारी आधीची गाडी मिळाली, म्हणून पाच वीसला. अ‍ॅपच्या लेखी दोन्ही वेळा सोमवारच! बुधवारी बघतो तर मंगळवार कोरा. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपण साडेपाच तास पुढे. हिशोब तुम्हीच करा. सपोर्टला हे स्क्रीनशॉटसकट कळवलं. उत्तर काय, तर ‘स्ट्रीक फ्रीझ’ विकत घ्या, म्हणजे दिवस चुकला तरी स्ट्रीक तुटत नाही. म्हणजे घड्याळ यांचं चुकणार आणि भुर्दंड मला.

शिवाय ‘एआय’चा गाजावाजा. आलेला शब्द उशिरा विचारायचा, चुकलेला लवकर, एवढंच ते करतं. सेबास्टियन लाइटनर या लेखकाने १९७२ साली पुठ्ठ्याच्या कप्प्यांत कार्डं ठेवून हेच केलं होतं, विजेशिवाय.

एक स्टार देऊन मोकळा होणार होतो. पण खरं सांगायचं तर शब्द बसलेत. पावसाळ्यात घोकलेला ‘मिटिगेट’ परवा ऑडिटच्या मेलमध्ये न अडखळता लिहिला. सपोर्टला पाठवलेल्या तक्रारीतला ‘आर्बिट्ररी’सुद्धा त्यांनीच शिकवलेला. वाक्यं छान निवडलीत, उच्चार स्वच्छ. म्हणून तीन स्टार.

आकड्यांना मात्र भुलू नका. ‘मिटिगेट’, ‘मिटिगेटेड’, ‘मिटिगेशन’ हे इथे तीन शब्द धरतात. पॉल नेशन या भाषातज्ज्ञाने २००६ मध्ये मांडलेला अंदाज असा, की इंग्रजी कादंबरी किंवा पेपर कुणाच्या मदतीशिवाय वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात, आणि हे तिन्ही मिळून कूळ एकच. तेव्हा ‘पाच हजार शब्द पूर्ण’ हा बॅज आला की पेढे वाटू नका.

वर्षाचं रिन्यूअल जवळ आलंय. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण त्या मेसेजची वाट कोण बघणार? यूपीआयमध्ये जाऊन ऑटोपे आजच बंद केला. आता अँकीड्रॉइड, म्हणजे अँकी या कार्डांच्याच अ‍ॅपचं अँड्रॉइड रूप. दिसायला रुक्ष, कार्डं स्वतः बनवायची म्हणजे रविवार जातो. पण फुकट आहे, आणि दिवस मुळात पहाटे चारला बदलतो. ती वेळही सेटिंगमधून हलवता येते. आयफोनवाल्यांना अँकीचं अधिकृत अ‍ॅप विकत घ्यावं लागतं, पण एकदाच.