बांधाचा वाद: तंटामुक्ती समिती, लोकअदालत की दिवाणी कोर्ट?

शेजाऱ्यानं नांगरताना बांध कोरला, किंवा शेतात जायच्या वाटेवर काट्या टाकल्या. आता दावा लावायचा की गावातच बसून मिटवायचं? वकिलाला विचाराल तर एक उत्तर येईल, सरपंचाला विचाराल तर दुसरं, आणि दोघांचंही त्यात काही ना काही गुंतलेलं असतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: बोलणी गावात करा, सही लोकअदालतीत (विधी सेवा प्राधिकरण भरवतं त्या तडजोडीच्या अदालतीत) करा. ताबाच गेला असेल तर मात्र आधी कोर्ट, बोलणी मागाहून.

पैशाचं पहिलं. तंटामुक्ती समितीला फी नाही, लोकअदालतीलाही नाही. उलट चालू दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. दिवाणी दाव्यात कोर्ट फी, वकील, नकला, कोर्ट कमिशनर अशी यादी वाढतच जाते. पण कोर्ट गरिबाला बंदच आहे असंही नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीतल्या व्यक्ती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती बसते, अर्ज तिथं करायचा. मोजणीची फी मात्र कुठंही गेलात तरी चुकत नाही. भूमी अभिलेख खात्याकडून हद्द कायम मोजणी झाल्याशिवाय बांधावर पंच बसवणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

तंटामुक्ती मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली, तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. समिती ग्रामसभेतून होते. बऱ्याच गावांत ती आता कागदावरच उरली आहे, त्यामुळे आपल्या गावची खरंच बसते का ते आधी बघा. बसत असेल तर तिच्याकडे एक गोष्ट आहे जी कुठल्याही न्यायाधीशाकडे नसते: विहीर कधी खोदली, बाभळ कुणाच्या आजोबांनी राखली, बैलगाडी पूर्वी कुठून जायची, हे तिथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं. बैठक संध्याकाळी होते, मजुरी बुडत नाही. पण हीच माणसं कुणाची तरी भावकी असतात, कुणाच्या तरी पॅनलची असतात. शिवाय मोहिमेत मिटवलेल्या तंट्यांवर गावाला बक्षीस होतं. अशा वेळी मिटवायची घाई कुणाला असते हे सांगायला नको. आणि तिथं बोललेलं रात्रीपर्यंत गावभर होतं.

खरा फरक शेवटी हातात पडणाऱ्या कागदाचा. समितीपुढं झालेली तडजोड बहुतेक वेळा रजिस्टरात किंवा 500 रुपयांच्या स्टँपपेपरवर लिहिली जाते, सह्या होतात, चहा होतो. पुढच्या पेरणीला शेजाऱ्यानं शब्द फिरवला की तो कागद घेऊन पुन्हा कोर्टातच जावं लागतं, आणि तिथं तो फार तर पुरावा ठरतो. मध्यस्थी कायदा, 2023 मध्ये सामुदायिक मध्यस्थीवर कलम 43 आणि 44 आहेत, तीन मध्यस्थांचं पॅनलही सांगितलं आहे. पण तिथं झालेला समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येणार नाही असं कायदाच स्पष्ट म्हणतो. 9 ऑक्टोबर 2023 ला या कायद्याची जी कलमं लागू झाली त्यांत ही दोन नव्हती.

लोकअदालतीचं वेगळं. तिचा निवाडा विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे दिवाणी कोर्टाचा हुकूमनामाच मानला जातो. समोरच्यानं पाळला नाही तर नवा दावा नको, सरळ दरखास्त, म्हणजे निवाडा बजावण्याचा अर्ज, दाखल करायची. त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्यापूर्वी गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा दहादा वाचा. दावा लावलेलाच असला पाहिजे असंही नाही. दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज देता येतो. गावात जमलेली तडजोड घेऊन दोघांनी मिळून तिथं जायचं ते याचसाठी. तिथंही कुणी निकाल लादत नाही. जमलं नाही तर चालू दावा परत कोर्टाकडे जातो.

एका बाबतीत मी गावच्या बैठकीवर अजिबात विसंबणार नाही: बहिणींचा हिस्सा. वाटणीच्या बैठकीत बहिणीला 'माहेर तुटेल' हे ऐकवायला दहा तोंडं असतात, कायदा सांगायला एकही नसतं, आणि हक्कसोडीवर सही होऊन जाते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तिनं आधी विधी सेवा समितीचा मोफत वकील गाठावा, आपला हिस्सा किती ते समजून घ्यावं, मग हवं तर भावांशी तडजोड करावी. घेऊन सोडणं आणि न कळता सुटणं यात फरक आहे.

आता मुदतीचं, कारण गोड बोलण्यात सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. कुणी जबरदस्तीनं ताबा काढून घेतला तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खालचा दावा सहा महिन्यांत लावावा लागतो. वहिवाटीची वाट किंवा पाणी अडवलं तर मामलेदार न्यायालय कायदा, 1906 खाली तहसीलदाराकडे जाता येतं. तिथंही अडथळा आल्यापासून सहाच महिने. समिती पुढच्या महिन्यात बसू म्हणते, मग लग्नसराई येते, मग निवडणूक. सहा महिने कुणासाठी थांबत नाहीत. उद्या कुंपण घालतील किंवा बांधकाम उभं राहील अशी भीती असेल तर मनाई हुकूम कोर्टातून आणावा लागतो, समिती तो देऊ शकत नाही. दावा लावला म्हणून तडजोडीचं दार बंद होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 प्रमाणे कोर्टच प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतं, आणि ती बोलणी गुप्त राहतात.

मारहाण, बाईवरचा अत्याचार, जातीवरून छळ यांत मात्र गावकीला मध्ये घेऊच नका. तडजोड मानली नाही म्हणून कुणी पाणी, किराणा, येणं-जाणं तोडायची धमकी देत असेल तर महाराष्ट्रात 2016 च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्यानं तो गुन्हा आहे.

कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल तर विधी सेवेची 15100 ही हेल्पलाइन आहे. तालुक्याला जाताना सातबारा, फेरफार, गटाचा नकाशा आणि असेल तर जुन्या मोजणीची क प्रत (मोजणीनंतर मिळणारा नकाशा) बरोबर ठेवा.