ग्रामसभा की माहितीचा अर्ज?

दापोलीहून भाच्याचा फोन आला. "मामा, देश घटनेची वाट सोडतोय असं सगळे म्हणतात. आमच्या बौद्धवाडीला तर नळाचं पाणी अजून सगळ्यात शेवटी येतं. ग्रामसभेत बोलू की माहितीचा अधिकार टाकू?" चवदार तळ्याचं महाड इथून फार लांब नाही. १९२७ ला ओंजळ भरली गेली आणि प्रश्न अजून पाण्याचाच, हे मनाला लागलं.

खर्च दोन्हीकडे नगण्य. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ग्रामसभा फुकट. वेळेत अर्ज सरस: ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर अपील. फक्त विषय एकच आणि १५० शब्दांच्या आत.

मेहनत मात्र ग्रामसभेला जास्त. १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला कमी आकडा हजर लागतो. आमच्या गावात कोरम भरायला रजिस्टर घरोघर फिरताना मी पाहिलंय. चुलीपुढे बसलेल्या म्हातारीने काय ठरलं ते न विचारताच अंगठा उठवला. घटना मोडते ती मला अशा अंगठ्यात दिसते, दिल्लीतल्या भाषणांत नंतर.

टिकाऊपणात ग्रामसभाच. अर्जाने कागद हाती येतो, पाणी येत नाही. ठराव इतिवृत्तात चढला की पुढच्या सरपंचालाही तो दाखवता येतो.

एकटा असशील, पैसा कुठे मुरला एवढंच हवं असेल, तर अर्ज टाक. पाण्याची पाळी बदलायची असेल तर वाडीतल्या बायांना घेऊन ग्रामसभेत बस, आणि इतिवृत्त वाचल्याशिवाय कुणाला सही करू देऊ नकोस.