आय-७ च्या नावाखाली २३,५०० रुपयांना गंडा

मुलीच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी मी गेल्या महिन्यात वापरलेल्या संगणकांच्या एका दुकानातून ‘आय-७’, म्हणजे इंटेलचा त्या नावाचा प्रोसेसर (संगणकाचा मेंदू) असलेला संगणक, घेतला. ३,००० रुपये यूपीआयने आगाऊ दिले आणि २०,५०० रोख, कारण पक्के बिल नको असेल तर जीएसटीचे ४,२३० रुपये वाचतील, असे दुकानदार म्हणाला. या मोहाची लाज वाटते. पण पगारदार माणूस चार हजार सहज सोडत नाही.

विंडोजमध्ये प्रोसेसरचे नाव ‘आय-७ १०७००’ असे स्पष्ट दिसत होते आणि ते मी स्वतः वाचले होते. ते नाव दर वेळी संगणक सुरू होताना एक छोटी फाइल बदलून ठेवत होती, हे मला कसे कळावे? विंडोज ११ टाकताना ‘हा प्रोसेसर चालणार नाही’ असा संदेश आला, तेव्हा ओळखीच्या तंत्रज्ञाने सीपीयू-झेड हा खरा प्रोसेसर ओळखणारा प्रोग्राम चालवला. आत २०११ सालचा आय-७ २६०० निघाला. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी तरी लागते, ही दुसरी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपला आहे. तंत्रज्ञाने या डब्याची किंमत साडेआठ हजार केली.

खरी चीड माझी मलाच येते. कच्च्या पावतीवर दुकानदाराने स्वतःच्या हाताने ‘१६ जीबी डीडीआर-३’ असे लिहिले होते; डीडीआर-३ हा मेमरीचा (रॅमचा) जुना प्रकार. सव्वीस वर्षे हिशेबाच्या टेबलावर काढलेल्या मला ते खटकले, मी त्यावर बोटही ठेवले. तो हसून म्हणाला, “काका, बोर्डाला चालते, आय-७ म्हणजे आय-७.” मी पावती घडी करून खिशात ठेवली. १०७०० ला डीडीआर-४ च लागते. तो एक आकडाच सगळे सांगत होता. नाव बदलता येते, पण विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, मोजा: १०७०० ला आठ असतात, आमच्याकडे चार होते. आय-७ या अक्षरांना पिढीशिवाय अर्थ नाही. २०२२ चा साधा आय-३ १२१०० चार कोअरचाच असून या जुन्या आय-७ ला सहज मागे टाकतो.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला गेले होते. दुसऱ्या दिवशी हे दिवाणी प्रकरण असल्याचे सांगण्यात आले. तिसऱ्या दिवशी हवालदाराने विचारले, “चालू होतो ना? मग फसवणूक कसली?” पिढी म्हणजे काय हे मी त्याला मोटारसायकलच्या मॉडेलचे उदाहरण देऊन समजावले, तेव्हा त्याने स्वतःच्या जुन्या गाडीची तक्रार सुरू केली. सायबर शाखा म्हणते, व्यवहार समोरासमोर झाला, आमचा विषय नाही. ग्राहक हेल्पलाइनवर पक्के बिल मागितले. म्हणजे बिल न देणाऱ्याची तक्रार करायलाही त्याचेच बिल हवे! पक्के बिल घ्याच आणि त्यावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या. पैसे देण्याआधी संगणक बंद करून पुन्हा सुरू करायला लावा आणि बायोसमधले, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमधले, प्रोसेसरचे नाव वाचा; दुकानदार त्याला नकार देत असेल तर निघून या.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, म्हणून तिथे तक्रार केली आहे. सोबत यूपीआयची नोंद, सीपीयू-झेडचे छायाचित्र आणि ती कच्ची पावती जोडली आहे; तिच्यावर ‘डीडीआर-३’ खाली माझ्याच पेनची रेघ आहे.