लाइफ इज स्ट्रेंज की द वॉकिंग डेड : आधी कोणता गेम खेळावा?

इंग्रजी सबटायटल वाचायला थोडा वेळ लागत असेल आणि घाईत उत्तर द्यायचा जाच नको असेल, तर लाइफ इज स्ट्रेंज घ्या. प्रसंगात कोंडून घाम फुटलेला चालत असेल, तर द वॉकिंग डेडचा पहिला सीझन घ्या. माझं मत एवढंच आहे. पण या दोन्ही गेमबद्दल इंटरनेटवर जे वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं आज जसंच्या तसं लागू पडत नाही, आणि निवड करण्याआधी ते समजून घ्यायला हवं.

दोन्ही गेम पाच भागांचे, आणि दोन्हींत तुम्ही निवडी करत कथा पुढे नेता. टेलटेल गेम्सचा द वॉकिंग डेड एप्रिल ते नोव्हेंबर २०१२ या काळात आला. प्रेतं उठून चालू लागलेल्या जॉर्जिया राज्यात ली एव्हरेट नावाचा माणूस क्लेमेंटाइन या आठ वर्षांच्या अनोळखी मुलीला सांभाळतो. लाइफ इज स्ट्रेंज फ्रान्सच्या डोंटनॉड कंपनीचा. ३० जानेवारी २०१५ ला पहिला भाग आला आणि २० ऑक्टोबरला शेवटचा. ओरेगॉनमधल्या आर्केडिया बे या काल्पनिक गावात फोटोग्राफी शिकणाऱ्या मॅक्सला काळ मागे फिरवता येऊ लागतो, आणि पाच वर्षांपूर्वी दुरावलेली मैत्रीण क्लोई तिला पुन्हा भेटते.

समीक्षकांच्या गुणांवर जायचं तर द वॉकिंग डेड सरळ पुढे आहे. शंभरपैकी त्याची सरासरी नव्वदच्या आसपास, तर लाइफ इज स्ट्रेंजची ऐंशीच्या घरात. स्पाइक या अमेरिकन टीव्ही वाहिनीच्या २०१२ च्या गेम पुरस्कारांत वर्षातला सर्वोत्तम गेम द वॉकिंग डेडच ठरला. कथेसाठीचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मात्र दोघांनाही मिळाला, एकाला २०१३ मध्ये आणि दुसऱ्याला २०१६ मध्ये. पण गुणांतला हा फरक नेमका कशामुळे पडला हे बघितलं, तर तो तुमच्या कामाचा असेलच असं नाही.

लाइफ इज स्ट्रेंजवर समीक्षकांचा मुख्य राग संवादांवर होता. फ्रेंच कंपनीच्या या गेममधली अमेरिकन पोरांची भाषा त्यांना कृत्रिम वाटली. क्लोईचं ऊठसूट ‘हेला’ (‘खूप’ या अर्थाचा बोलीतला शब्द) म्हणणं तर टीकेचं ठरलेलं उदाहरण झालं. ओठांची हालचाल आवाजाशी जुळत नाही ही तक्रारही खरीच. पण ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा आपल्यासारख्यांच्या कानाला ती भाषा तेवढी टोचत नाही. मला पहिल्या भागात काही वाक्यं ओढूनताणून आणल्यासारखी वाटली, दुसऱ्या भागापासून मी ती ऐकेनाशी झाले. आणि खेळाडूंनी तर तोच ‘हेला’ प्रेमाने उचलला. दुसऱ्या भागात भंगाराच्या मैदानात पाच रिकाम्या बाटल्या शोधत हिंडावं लागतं, ते मात्र समीक्षक आणि खेळाडू दोघांनाही कंटाळवाणं वाटलं. मलाही.

खरा फरक वेळेचा आहे. द वॉकिंग डेडमध्ये कुणी काही विचारलं की पर्यायांखालची वेळ दाखवणारी पट्टी आटू लागते. ती संपली की ली गप्प राहिला असं धरलं जातं, आणि समोरचा माणूस ते लक्षात ठेवतो. दुसऱ्या भागात ली च्या हातात खाण्याच्या चार वस्तू असतात आणि उपाशी माणसं दहाएक. कुणाला द्यायचं? तिथे बरोबर उत्तरच नाही, आणि ज्याला वगळाल त्याचा चेहरा तुम्हाला पाहावा लागतो. समीक्षकांनी कौतुक केलं ते नेमकं याचं. पण सबटायटलवर अवलंबून असणाऱ्याला ही पट्टी छळते. चारही पर्याय वाचून होण्याआधीच वेळ संपतो, आणि मग जो निर्णय होतो तो आपला राहत नाही. त्या गेमवरच्या इंग्रजी लेखांत ही अडचण क्वचितच दिसेल, कारण लिहिणाऱ्यांना ती आलेलीच नसते.

मॅक्सला घाई नाही. बोला, परिणाम बघा, काळ मागे फिरवा, वेगळं बोलून बघा. चूक पुसता येते म्हटल्यावर निर्णयाचं वजन कमी होईल, अशी शंका मला होती. तसं होत नाही, कारण काही तासांनी कळणारा परिणाम तुम्हाला पुसता येत नाही. शिवाय दुसऱ्या भागाच्या शेवटी, केट मार्श ही वर्गमैत्रीण वसतिगृहाच्या गच्चीवर उभी असताना, मॅक्सची शक्तीच संपते. आता तिच्याशी एकदाच बोलता येणार. तिच्या खोलीत गेल्यावर तुम्ही काय नीट पाहिलं होतं, तिचा फोन आला तेव्हा उचलला होता की नाही, सगळं तिथे आठवावं लागतं. समीक्षक आणि खेळाडू या एका प्रसंगावर जितके एकमत आहेत तितके इतर कशावरही नाहीत. विषय आत्महत्येचा आहे. मन आधीच हळवं असेल तर हे माहीत असूनच सुरुवात करा. द वॉकिंग डेडमध्ये रक्तपात खूप, लहान मुलांच्या वाट्याला येणारं दुःखही खूप.

शेवटाबद्दल दोन्हीकडे एकच तक्रार आहे : एवढ्या निवडी केल्या, पण गाडी शेवटी त्याच स्टेशनवर आली. लाइफ इज स्ट्रेंजमध्ये ही तक्रार जास्त कडवट आहे. शेवटची निवड दोन पर्यायांत होते आणि खेळाडू जवळपास निम्मेनिम्मे विभागले गेले. त्यातला एक शेवट दुसऱ्यापेक्षा फारच तोकडा आहे, आणि या तक्रारीशी मी पूर्ण सहमत आहे. पण ‘निवडींना अर्थच नव्हता’ हे मला पटत नाही. पुढच्या भागांत केटच्या प्रसंगात काय झालं हे पुन्हा समोर येतं.

आणखी एक गोष्ट. लाइफ इज स्ट्रेंजच्या तेव्हाच्या खेळाडूंनी जवळपास नऊ महिने वाट पाहिली होती. दोन भागांच्या मधे साधारण दोन-दोन महिने, त्यात तर्क, अंदाज, वाद. प्रत्येकाच्या मनात स्वतःचा पाचवा भाग तयार झाला होता, आणि ऑक्टोबरमध्ये आलेला भाग त्याच्याशी जुळला नाही. आज पाचही भाग सलग आठवडाभरात खेळणाऱ्याच्या मनात तो अपेक्षांचा डोंगर नसतो. मी स्वतः सलग खेळले, आणि शेवटाने मला फसवल्यासारखं वाटलं नाही; रडले मात्र खूप. म्हणून २०१५ मधलं मत वाचताना ते कितव्या भागानंतर लिहिलंय ते आधी बघा. फक्त पहिल्या भागावर लिहिलेली परीक्षणं तर निम्म्याहून कमी कथेवर बेतलेली आहेत.

द वॉकिंग डेडचा शेवट मात्र वाट पाहणाऱ्यांनाही आणि सलग खेळणाऱ्यांनाही सारखाच भिडतो. तिथे ‘निवडीने काही बदललं का’ हा प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांत मागे पडतो, कारण तोवर तुम्ही क्लेमेंटाइनला काय शिकवलंत एवढंच महत्त्वाचं उरलेलं असतं. तिची कथा पुढे आणखी सीझनमध्ये चालते आणि २०१९ मध्ये संपते. पहिला सीझन तेवढाच खेळलात तरी तो अपुरा वाटत नाही.

घेताना : लाइफ इज स्ट्रेंजची २०२२ मधली सुधारित आवृत्ती आली तेव्हा तिच्यातल्या बिघाडांवर खेळाडू नाराज होते. मूळ आवृत्ती जुन्या कंप्युटरवरही चालते आणि रंगवलेल्या चित्रासारखी दिसते. मी तीच सुचवेन. गेमचा पहिला भाग २०१६ मध्ये फुकट करण्यात आला होता, तो आधी मिळतो का बघा. त्याच्या शेवटी ऊबदार संध्याकाळी अचानक बर्फ पडू लागतं. तिथे लगेच दुसरा भाग लावावासा वाटला नाही, तर पुढचे चार घेऊ नका, क्लेमेंटाइनकडे वळा.