फायनल फॅन्टसी ६ : जुना एसपी की स्विच लाइट? किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी तुलना

१९९४ साली निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर आलेला 'फायनल फॅन्टसी ६' हा व्हिडिओ खेळ आज हातातल्या यंत्रावर खेळायचा, तर विचार करण्याजोगे दोन पर्याय आहेत. पहिला म्हणजे गेम बॉय ॲडव्हान्स एसपी आणि त्यावर 'फायनल फॅन्टसी ६ ॲडव्हान्स'ची कार्ट्रिज. ही जपानात २००६ मध्ये आणि अमेरिकेत २००७ मध्ये निघाली. दुसरा म्हणजे निन्टेन्डो स्विच लाइट आणि त्यावर २०२३ मध्ये आलेला 'पिक्सेल रीमास्टर', म्हणजे याच खेळाची नव्याने घडवलेली आवृत्ती. कथा तीच, पात्रं तीच. पुण्यात राहणारा चित्र आणि आवाज बघून यातलं एक निवडेल. गुहागर, रत्नागिरी, मालवणकडच्यांनी आधी हवा बघावी, मग वीज, आणि खेळातले फरक त्यानंतर.

खारी हवा

स्विच चालवण्यासाठी निन्टेन्डोने सांगितलेली मर्यादा ५ ते ३५ अंश तापमान आणि २० ते ८० टक्के आर्द्रता अशी आहे. आपल्याकडे जुलैत ८० टक्के ओलांडायला पाऊससुद्धा लागत नाही, नुसतं मळभ पुरतं. यंत्र लगेच बंद पडतं असं नाही, पण स्विच लाइटमध्ये पंखा आहे. तो मागच्या फटींतून हवा आत ओढतो आणि वरून बाहेर टाकतो. पडवीत समुद्राकडे तोंड करून खेळत बसलात, तर ओलावा आणि मीठ दोन्ही आत जातं. एसपीला पंखाच नाही. या एका बाबतीत २००३ चं यंत्र आजच्या यंत्रापेक्षा सरस आहे.

एसपीचा त्रास वेगळ्या जागी होतो. कार्ट्रिजच्या खालच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि यंत्राच्या खाचेतल्या पिनांवर क्षार बसतो. मुलामा झिजला असेल तिथे तांबं हिरवट पडतं, आणि सुरू केल्यावर पांढरा पडदा येतो किंवा निन्टेन्डोचं नाव चुकीचं उमटतं. अशा वेळी फुंकर मारू नये. तोंडातली वाफ नेमकी त्याच पट्ट्यांवर बसते आणि पुढच्या महिन्यात गंज वाढलेला दिसतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायची कापसाची काडी घ्यावी, पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने पुसावं आणि पाचेक मिनिटं सुकू द्यावं. काडी काळी निघत असेल तोवर नवी घेऊन परत पुसावं.

एसपीची दुसरी खोड चालू-बंदच्या सरकत्या बटणात आहे. आत गंज चढला की तिथे व्होल्टेज पडतं, आणि बॅटरी भरलेली असतानाही हिरवा दिवा लाल होतो. लोक बॅटरी बदलतात, दिवा तरी लालच. आधी यंत्र बंद करून, बॅटरी काढून, बटणाच्या फटीत अल्कोहोलचे एकदोन थेंब सोडावेत आणि बटण वीसेक वेळा पुढेमागे करावं. पुष्कळदा तेवढ्यावर काम भागतं.

दोन्ही यंत्रं ठेवायला झाकण घट्ट बसणारा डबा आणि त्यात सिलिका जेल हवं. नारिंगी दाणे हिरवे झाले किंवा निळे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास ठेवायचे, ते पुन्हा कामाला येतात. यंत्र तांदळाच्या डब्यात घालू नये. ओल फारशी जात नाही आणि कणी-पीठ फटींत शिरतं. वातानुकूलित डब्यातून चिपळूणला उतरल्याबरोबर थंडगार यंत्र पिशवीतून काढू नये, त्यावर आतबाहेर दव धरतं. अर्धा तास पिशवीतच राहू द्यावं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या कठड्याशी उभं राहून तर कुठलंच यंत्र बाहेर काढू नये.

लाईट गेली तर

एसपीची बॅटरी ६०० मिलीअँपिअर-तासांची. एजीएस-००१ या मॉडेलवर पडद्याचा दिवा लावून साधारण १० तास, दिवा बंद ठेवून १८ तासांपर्यंत चालते, अर्थात बॅटरी नवी असेल तर. मूळ बॅटऱ्या आता फार जुन्या झाल्या आहेत, त्यामुळे नवी घेण्याचा खर्च धरूनच चालावं. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर बॅटरी लगेच काढावी. स्विच लाइटची बॅटरी ३,५७० ची. कंपनी ३ ते ७ तास सांगते आणि असा द्विमितीय खेळ त्यातल्या वरच्या आकड्याकडे झुकतो. दादर ते रत्नागिरी प्रवास त्यात बसतो. पावसाळी वेळापत्रकात गाडी रखडली आणि सावंतवाडीपर्यंत जायचं असेल तर पॉवर बँक लागेल. १०,००० ची बँक लाइटला साधारण दोनदा भरते, एसपीला दहाएक वेळा.

इथे एसपीची एक अडचण आधीच माहीत असलेली बरी. त्याला हेडफोनचं छिद्र नाही. हेडफोन चार्जिंगच्याच छिद्रात अडॅप्टर लावून जोडावे लागतात. एकाच वेळी चार्जिंग आणि हेडफोन हवे असतील तर दोन तोंडांचा अडॅप्टर शोधावा लागतो. भरलेल्या एसटीत शेजाऱ्यांना युद्धाचं संगीत ऐकवायचं नसेल तर ही खरेदी टळत नाही. स्विच लाइटला साधं ३.५ मिमी छिद्र आहे आणि चार्जिंग यूएसबी-सी, म्हणजे घरातल्या फोनचा चार्जरही चालतो, सावकाश का होईना.

वीज आणि बॅटरीचा खरा फटका सेव्हला बसतो. एसपीचं झाकण मिटल्याने यंत्र झोपत नाही, ते चालूच राहून बॅटरी संपवतं. मग शेवटच्या सेव्हपासून परत सुरुवात. रीमास्टर एका भागातून दुसऱ्या भागात जाताना आपोआप सेव्ह करतो, लढाई सोडून जवळजवळ कुठेही क्विक सेव्ह करता येतं, आणि स्विचचं बटण हलकेच दाबलं की खेळ आहे त्या क्षणी गोठतो. खेळातल्या तरंगत्या खंडावरून पळताना ६ मिनिटांचं घड्याळ सुरू असतं आणि शॅडो या पात्राला वाचवायचं तर कडेला उभं राहून शेवटच्या ५ सेकंदांपर्यंत थांबावं लागतं. ऐन त्या वेळी दारात माणूस आला, तर स्विचवाला सुखी.

खेळातले फरक

आधी एक खुलासा. यातल्या लढाया काटेकोर पाळीपाळीने होत नाहीत. प्रत्येक पात्राची पट्टी भरली की त्याची पाळी, आणि पट्ट्या भरत असताना शत्रू थांबत नाही. सेटिंगमध्ये 'वेट' निवडल्यास जादूची किंवा वस्तूंची यादी उघडी असेपर्यंत काळ थांबतो. नुसता आज्ञांचा पहिला मेनू उघडा असताना मात्र नाही. नवख्याने दोन्हीकडे वेटच ठेवावं.

कार्ट्रिजकडे रीमास्टरमध्ये नसलेलं बरंच आहे. लेव्हायथन, गिल्गमेश, कॅक्टुआर आणि डायब्लोस हे चार जादा एस्पर (जादू शिकवणारे आणि लढाईत बोलावता येणारे जीव), ड्रॅगन्स डेन ही मोठी गुहा, कायझर ड्रॅगन हा बलाढ्य शत्रू आणि शेवटी सोल श्राइन हा ओळीने लढायांचा भाग. रीमास्टर मूळ सुपर फॅमिकॉमच्या आवृत्तीवर बेतलेला असल्याने हे सगळं त्यातून गळलं. खेळ आधी एकदा संपवला असेल, तर हा भाग एवढा मोठा आहे की बाकीचे मुद्दे बाजूला राहतात.

आवाजात कार्ट्रिज हरते, आणि चांगलीच हरते. सुपर फॅमिकॉमला स्वतंत्र ध्वनी-चिप होती, गेम बॉय ॲडव्हान्सला तशी नाही; त्यामुळे सुरावटी पातळ आणि खरखरीत झाल्या. चित्रही २५६ बाय २२४ वरून २४० बाय १६० मध्ये कापून बसवलं आहे. रीमास्टरमध्ये नवं आणि जुनं दोन्ही संगीत निवडता येतं आणि ऑपेराचा प्रसंग खऱ्या गायनासह आहे. त्या प्रसंगासाठी हेडफोन लावाच.

रीमास्टरच्या सोयींत एक खड्डा मात्र आहे. उजवी स्टिक दाबली की वाटेतल्या अवचित लढाया बंद होतात, आणि अनुभवगुण चौपट करता येतात. या खेळात एस्पर अंगावर असताना पातळी वाढली तरच त्या एस्परचा जादा गुण कायमचा मिळतो, आणि एस्पर हाती येतात ते झोझो या गावानंतर. म्हणजे सुरुवातीलाच अनुभव चौपट केला, तर ते गुण वाढत्या पातळ्यांबरोबर वाया जातात आणि शेवटचा मनोराही पोरखेळ होतो. अनुभवगुण एकपटच ठेवावेत. जादू शिकवणारे गुण हवे तर वाढवावेत, त्याने नुकसान नाही.

बटणांचं म्हणाल तर सेबिन या पात्राच्या ब्लिट्झ हल्ल्यांसाठी दिशा ओळीने दाबाव्या लागतात. पहिली डावी-उजवी-डावी, ती जमली नाही तर व्हार्गस या शत्रूशी झुंज संपत नाही. ऑरा कॅनन या ब्लिट्झला खाली, तिरकं, डावीकडे असं अंगठा घसरवत न्यावं लागतं. एसपी आणि स्विच लाइट दोघांनाही सलग अधिकचिन्हासारखं दिशाबटण आहे. मोठ्या स्विचच्या डाव्या जॉय-कॉनवर त्या जागी चार सुटी बटणं आहेत, तिथे तिरकी दिशा हुकते. म्हणून या खेळासाठी मोठा किंवा ओलेड स्विच न सुचवता लाइट सुचवला आहे.

पहिल्यांदाच खेळणाऱ्याने आणि बारा महिने किनाऱ्यावर राहणाऱ्याने स्विच लाइट घ्यावा. खेळ एकदा संपवलेल्याने, आणि अधूनमधून अल्कोहोल-काडी हाती धरायचा कंटाळा नसलेल्याने, एसपी. कमी खर्चात भागवायचं तर हाच रीमास्टर अँड्रॉइड फोनवर रुपयांत मिळतो, पण ब्लूटूथ कंट्रोलर नसेल तर काचेवर ब्लिट्झ मारणं वैतागाचं आहे.

घेताना

निन्टेन्डोच्या ई-शॉपच्या देशांत भारत नाही. खातं अमेरिकेचं किंवा दुसऱ्या देशाचं करून त्याच देशाचं गिफ्ट कार्ड वापरावं लागतं. अमेरिकेत या एका खेळाची मूळ किंमत १७.९९ डॉलर. यंत्रही बाहेरून आणलेलंच मिळतं, तेव्हा दुरुस्तीची हमी कोण देणार हे दुकानदाराला स्पष्ट विचारावं. सेव्ह यंत्राच्या आत राहतं, ढगात (क्लाउडवर) ठेवायचं तर निन्टेन्डोची वर्गणी वेगळी.

एसपीच्या मागे लेबल वाचावं. एजीएस-००१ चा प्रकाश समोरून येतो आणि बटणाने पूर्ण बंद होतो; खोलीत फिका, पण खळ्यात भर उन्हात दिवा बंद करून छान दिसतो. एजीएस-१०१ चा प्रकाश मागून, रात्री उत्तम. त्याचं बटण फक्त दोन पातळ्या बदलतं. जपानहून आलेला एसपी बहुधा ००१ असतो. यंत्राला देशाचं बंधन नाही, पण जपानी कार्ट्रिज स्वस्त पडली म्हणून घेतली तर मजकूर जपानीच राहणार.

या खेळाच्या नकली कार्ट्रिज उदंड आहेत. अस्सल कार्ट्रिजच्या लेबलवर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, तिरकं धरल्यावर दिसतात. आणि खालून पाहिल्यास पट्ट्यांच्या वर बोर्डावर निन्टेन्डोचं नाव छापलेलं असतं. नकलीत सेव्ह दगा देतं, तेही लगेच नाही. म्हणून दुकानात सेव्ह करून, यंत्र बंद-चालू करून समाधान मानू नये. घरी आणून सेव्ह करावं, कार्ट्रिज बाहेर काढून चार दिवस डब्यात ठेवावी आणि मग लावून बघावी. परत करायची मुदत त्याहून जास्त मिळत असेल तरच पैसे मोजावेत.