नवं कार्ड घ्या म्हणाले होते, सहाशे रुपयांत जुनंच पळायला लागलं

मी मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोबची थ्रीडी चित्रं करून देते. काम सगळं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर, मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबीचं. २०१६ सालचं मॉडेल आहे, गेम खेळणारी पोरं ऐकून हसतात. पण ७५ वॅटमध्ये भागतं, वेगळी पॉवरची वायर लागत नाही आणि माझ्या कामाला पुरतं. ते एकदम मंदावलं. गिऱ्हाइकासमोर किचन फिरवून दाखवायला जावं, तर माउस पुढे आणि चित्र मागून अडखळत येतंय. प्रोसेसरचा पंखा मात्र जोरात. रेंडरच्या सेटिंगमध्ये कार्डाचं नावच दिसेना.

आधी जिथं नेलं तिथं उत्तर तयारच होतं. "लिनक्सवर असंच चालतं. विंडोज टाका, नाहीतर नवं कार्ड घ्या." वर चौदा हजारांचं कोटेशन. याच लोकांनी थोड्याच दिवसांपूर्वी मशीनची धूळ काढून मदरबोर्डचा सेल बदलून दिला होता. हा सेल लक्षात असू द्या.

मग ओळखीतून कोल्हापुरात राजारामपुरीतलं हे दुकान कळलं. नाव देत नाही, कारण मालकांनीच सांगितलंय, "ताई, हाय ती कामं उरकंनात." दुकान म्हणजे एक टेबल, दोन मॉनिटर आणि खिळ्यांना टांगलेल्या केबली. आत जाऊन आपण काही समजावून सांगायला लागलो की ते हातानंच थांबवतात. थोडं लागतं मनाला, पण पुढचं बघितल्यावर राग राहत नाही.

स्क्रू ड्रायव्हरला त्यांनी हातच लावला नाही. आधी कॅबिनेटच्या मागं वाकून बघितलं, मॉनिटरची केबल कार्डात आहे का मदरबोर्डात. म्हणे निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. केबल बोर्डात खोचलेली असते आणि कार्ड आत नुसतं बसून असतं. माझी बरोबर होती. मग टर्मिनल उघडून जीएलएक्सइन्फो ही चित्र कोण काढतंय ते सांगणारी कमांड चालवली आणि रेंडररच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं एनव्हिडियाचं नाव हवं होतं, होतं एलएलव्हीएमपाइप. म्हणजे चित्र काढायचं सगळं काम प्रोसेसर एकटा ओढत होता.

"कार्ड ठणठणीत हाय ताई. त्याला कुणी कामावरच घेतलेलं न्हाई."

मग ड्रायव्हरचं मॉड्युल, म्हणजे कार्ड चालवणारा सॉफ्टवेअरचा भाग, हातानं चढवायचा प्रयत्न केला. उत्तर आलं: "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस", म्हणजे किल्ली नाकारली. ती एवढी ओळ वाचून त्यांनी विचारलं, "बोर्डाचा सेल बदलला काय कुणी?" मी गारच.

त्याचं असं झालं होतं. सेल काढला की बायोसची, म्हणजे बोर्डाची स्वतःची, सेटिंग्ज मूळपदावर जातात. माझ्या बोर्डावर मूळपदाला सिक्युअर बूट चालू असतं. ते चालू असलं की मिंटचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ओळखीच्या किल्लीनं सही केलेलंच मॉड्युल आत घेतो. एनव्हिडियाचं मॉड्युल माझ्याकडे प्रत्येक कर्नल अपडेटला माझ्याच मशीनवर नव्यानं बांधलं जातं. त्यावर सही होती, पण ती किल्ली बोर्डाकडे कधी नोंदवलेलीच नव्हती. सिक्युअर बूट बंद होतं तोवर कुणी विचारत नव्हतं. आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना नूव्हो हा मोफत ड्रायव्हर बंद केला जातो, त्यामुळे तोही मदतीला आला नाही. आला असता तरी फार उपयोग नव्हता म्हणा. या पिढीच्या कार्डांचा वेग वाढवायला कंपनीचं सही केलेलं फर्मवेअर लागतं, ते नूव्होकडे नाही, म्हणून कार्ड सुरू होतानाच्या कमी वेगावरच राहतं. "लिनक्सवर असंच चालतं" हे वाक्य बहुतेक तिथूनच आलेलं असावं.

सिक्युअर बूट बंद करून दोन मिनिटांत मला वाटेला लावता आलं असतं. तसं न करता त्यांनी मॉकयुटिल या कमांडनं किल्ली नोंदवायला घेतली आणि पुढचं मलाच करायला लावलं. एक तात्पुरता पासवर्ड द्यायचा, मशीन रीस्टार्ट करायची, निळा पडदा येतो. दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबलं नाही तर तो निघून जातो आणि मशीन जशीच्या तशी सुरू होते. बटण दाबलं, एनरोल मॉक (किल्ली नोंदवा) निवडलं, पासवर्ड टाकला. आता कर्नल कितीही वेळा बदलला तरी हीच किल्ली चालेल.

पुन्हा सुरू झाल्यावर एनव्हिडिया-एसएमआय या कमांडच्या तक्त्यात कार्डाचं नाव, तापमान, मेमरी सगळं हजर. माझी सगळ्यात जड फाइल उघडली: एल आकाराचं किचन, काळा ग्रॅनाइट, काचेची शटरं. गरगर फिरलं. तक्त्यातला पी८ बघता बघता पी० झाला, म्हणजे कार्ड आरामातून उठून पूर्ण जोरात आलं.

न विचारता त्यांनी रॅमही तपासली. ३२०० ची रॅम २४०० वर चालली होती, कारण तेच: सेलबरोबर एक्सएमपी हे रॅम पूर्ण वेगानं चालवायचं सेटिंगही उडालं होतं. बायोसमध्ये जाऊन लावून दिलं. याचे पैसे वेगळे नाहीत.

नवं कार्ड कधी घ्यायचं, हेही विचारून घेतलं. या पिढीच्या कार्डांसाठी ड्रायव्हरची ५८० ही शेवटची शाखा आहे, तिच्यापुढच्या आकड्यावर क्लिक करू नका म्हणाले. पुढचं कार्ड एएमडीचं घेतलं तर किल्लीची ही भानगड नाही, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. फक्त ब्लेंडरला चालणाऱ्या कार्डांच्या यादीत ते आहे का हे आधी बघायचं. विकायला त्यांच्याकडे दोन्ही कंपन्यांची कार्डं होती. एकही पुढे केलं नाही.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. मध्येच एकाचा प्रिंटर आला, तो उरकेपर्यंत मला बसवून ठेवलं. कमांड लिहून द्या म्हटलं तर "फोटो मारा की स्क्रीनचा." लॅपटॉप घेत नाहीत, घरी येत नाहीत, दुपारी फोन उचलत नाहीत. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो बिलासाठी. सहाशे रुपयांची पावती वहीचं पान फाडून दिली, त्यावर तारीखसुद्धा नाही, आणि माझ्या सीएला ती चालणार नाही.