जिप्सीचा दुसरा सायलेन्सर आतून बंद होता

मारुतीच्या जुन्या जिप्सीला, महिंद्राच्या जीपला, पहिल्या पिढीच्या थारला ‘डबल सायलेन्सर’ करून देणारी गॅरेजं हल्ली पुण्या-मुंबईकडे बरीच झाली आहेत. त्यातल्या एकाने मला ४२ हजारांना फसवलं. नुसते पैसे गेले असते तर एवढं लिहायला बसलो नसतो. गाडीचा एक महागडा भाग मला न सांगता काढून घेतला गेला, पेट्रोलच्या टाकीजवळून तापलेला पाइप नेला गेला, आणि हेच काम तो रोज कुणाच्या ना कुणाच्या गाडीवर करतो आहे. म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

माझी गाडी जिप्सी किंग, १.३ लिटर पेट्रोल, एमपीएफआय (म्हणजे पेट्रोल कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने सोडणारी). मूळ सायलेन्सर गंजून फुटला होता, तो बदलणं भागच होतं. गॅरेजवाला म्हणाला, “साहेब, खर्च करताच आहात तर डबल करून घ्या. इंजिन मोकळं होईल, पिकअप वाढेल, ॲव्हरेजही वाढेल. माल सगळा ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, दहा वर्षं बघायला नको.” व्हॉट्सॲपवर दोन बाजूंना दोन चकचकीत नळ्या असलेल्या गाड्यांचे फोटोही पाठवले. दोन्ही पाइप चालू असतील ना, असं मी लिहून विचारलं होतं. “हो, दोन्ही चालू,” असं उत्तर आलं. हा मेसेज पुढे फार उपयोगी पडला.

गाडी हातात आली तेव्हा आवाज भारदस्त होता, पण ताम्हिणीच्या चढाला जीवच नाही. पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये सहज ओढणारी गाडी पहिला मागायला लागली. फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या सगळ्यात हळू गिअरमध्ये, दगडांवरून हळूहळू चढवताना तर ॲक्सिलरेटर दाबून धरावा लागे. ॲव्हरेज घसरलं, प्लग काढले तर काळेकुट्ट. मग पीयूसीला, म्हणजे धुराच्या तपासणीला गेलो. भारत स्टेज ३ या प्रदूषण मानकाच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आहे. मशीनवरचा आकडा त्याच्या कितीतरी पट आला आणि गाडी नापास झाली.

गॅरेजवाल्याचं म्हणणं, “नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो.” लोखंडी पाइप सेट वगैरे काही होत नसतो. मी गाडी ट्रकचे सायलेन्सर बनवणाऱ्या एका जुन्या फिटरमामांकडे नेली. त्यांनी इंजिन चालू करायला सांगितलं आणि दोन्ही नळ्यांच्या मागे तळहात धरला. डावीकडून गरम झोत येत होता, उजवीकडून काहीच नाही. उजव्या नळीत बोट फिरवलं तर बोट स्वच्छ. इतके दिवस चाललेल्या पेट्रोल गाडीच्या नळीत काजळी नाही हे कसं शक्य आहे? मग त्यांनी जाड तार आत सरकवली. हातभर गेली आणि ठक्कन अडली. पाइप कापून पाहिला तर आत पत्र्याची चकती वेल्ड केलेली. दुसरा सायलेन्सर निव्वळ शोभेचा, मुख्य पाइपला नुसता बाहेरून चिकटवलेला.

गाडी खालून तपासायच्या खड्ड्यावर घेतल्यावर आणखी गोष्टी दिसल्या. चुंबक लावला तर पाइपला घट्ट बसला. ३०४ स्टेनलेसला चुंबक धड चिकटत नाही, वेल्डिंगच्या जागी फार तर किंचित ओढतो. गॅरेजवाला नंतर “४०९ ग्रेड आहे, तेही स्टेनलेसच” म्हणाला. ४०९ ला चुंबक चिकटतो हे खरं आहे, पण चंदेरी रंगाखाली पापुद्रे सुटून लाल गंज आलेला होता. ते साधं लोखंड होतं. मॅनिफोल्ड म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र करणारा भाग; त्याच्याखालच्या फ्लँजला, म्हणजे बोल्टच्या जोडाला, फट बुजवणारं गॅस्केटच नव्हतं. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी अशी फट राहिली की तिथून बाहेरची हवा शिरते, सेन्सरला पेट्रोल कमी पडतंय असं वाटतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, आणखी पेट्रोल ओततो. प्लग काळे होण्याचं एक कारण ते. आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर नव्हता! त्याच्या जागी साधा पाइप जोडलेला. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात आणि जुन्यालाही भंगारात चांगला भाव मिळतो. मला एका शब्दाने न विचारता तो काढला, विकला, आणि वर मजुरी माझ्याकडूनच घेतली.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण दुसरा पाइप खरोखर चालू असता तरी फायदा झाला नसता. दोन स्वतंत्र एक्झॉस्टला अर्थ आहे तो व्ही-८ किंवा व्ही-६ इंजिनात. तिथे सिलिंडरच्या दोन रांगा, दोन मॅनिफोल्ड, म्हणून दोन पाइप. आपल्याकडच्या जुन्या फोर बाय फोर बघा: जिप्सी, महिंद्राची एमएम ५४० जीप, थार डीआय, जवळजवळ सगळ्यांत एका ओळीत चार सिलिंडर आणि एकच मॅनिफोल्ड. चारही सिलिंडरचा धूर आधी एका पाइपात येतो. तो पुढे जाऊन दोन ठिकाणी फोडला तरी इंजिनाला मिळतं काय? फक्त वजन, वेल्डिंगचे जोड आणि गंजायला जागा.

शिवाय पाइप जितका मोठा तितका चांगला, ही समजूतच चुकीची आहे. सिलिंडरमधून धुराचा एक झोत वेगाने निघाला की मागे दाब कमी होतो आणि पुढच्या सिलिंडरमधला उरलेला धूर ओढला जातो. हा वेग टिकला तर कमी आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला कमी फेऱ्यांना) ताकद मिळते. माझा मूळ पाइप दीड इंचाच्या आसपास होता, गॅरेजवाल्याने दोन इंची घातला. म्हणजे आतलं क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोन पट आणि वेग त्या प्रमाणात कमी. या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे ओढ, १०३ न्यूटन-मीटर, मुळातच ४५०० आरपीएमला मिळतो. चिखलात आणि दगडांत आपण त्याच्या निम्म्याखाली गाडी चालवतो, आणि नेमकी तिथलीच ओढ आणखी कमी केली गेली.

जागेचा प्रश्न वेगळाच. जिप्सीला चारही चाकांवर पाटे (लीफ स्प्रिंग), एक्सल वरखाली भरपूर हलतो. पाइप एक्सलवरून पुरेशी कमान देऊन न्यावा लागतो. माझ्या गाडीत तो इतका खाली होता की एक्सलच्या लोखंडी आवरणावर घासून पाइपाला चमकदार चर पडलेली. डावीकडचा, म्हणजे तापणारा पाइप टाकीला बोटभर अंतरावर, मध्ये उष्णता अडवणारा पत्रा नाही. घाटात अर्धा तास चढ चढल्यावर तो पाइप किती तापतो ते कुठल्याही फिटरला विचारा.

कायद्याचंही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदलाला मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गॅरेजवाला नामानिराळा राहतो, कागदावर नाव आपलं असतं.

काम द्यायचंच असेल तर काढलेला प्रत्येक भाग गाडीत ठेवायला सांगा, कन्व्हर्टर तर आवर्जून. पैसे चुकवण्याआधी इंजिन चालू ठेवून नळीमागे हात धरा, खिशात चुंबक ठेवा. पक्कं बिल मागा आणि त्यावर मालाचा दर्जा लिहून घ्या. मला कच्ची चिठ्ठी दिली होती, पण यूपीआयची नोंद आणि ते व्हॉट्सॲप मेसेज हाताशी होते.

मामांनी मूळ मापाचा एकच पाइप बनवला, गॅस्केट घातलं, टाकीशेजारी पत्रा लावला. नवा कन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागला आणि तो खर्च सगळ्यात मोठा. मग गाडी पीयूसी पास झाली. मी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, गॅरेजवाल्याने दाद दिली नाही म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, पण २ वर्षांच्या आत जावं लागतं. कुणाला असाच अनुभव आला असेल तर कापलेले पाइप भंगारात देऊ नका, तारखेसह फोटो काढून ठेवा आणि दुसऱ्या फिटरकडून काय काय सापडलं ते सहीनिशी लिहून घ्या. माझ्या तक्रारीला हेच कागद जोडले आहेत आणि गॅरेजला नोटीस गेली आहे.